लॅपटॉपची बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची की १०० करून ठेवायची?

रामनवमीचा दिवस होता. शिर्डीत पायी पालख्या येत होत्या, रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. माझी बातमी लिहून झाली होती, फक्त फोटो जोडायचे राहिले होते. लॅपटॉपच्या कोपऱ्यात ३४ टक्के बॅटरी दिसत होती, म्हणून मी निवांत होते. आणि स्क्रीन एकदम काळी झाली. ना सूचना, ना लाल दिवा. पुढचा पाऊण तास मी एका चहाच्या टपरीवर, काकांच्या मिक्सरचा प्लग काढून तिथे चार्जर लावून बसले होते.

नंतर कळलं की लॅपटॉप खोटं बोलत नव्हता, त्याला स्वतःलाच खरं काय ते माहीत नव्हतं. तीन वर्षं मी तो दिवसरात्र चार्जरला लावून ठेवला होता आणि उन्हाळ्यात गाडीत टाकून फिरले होते. बॅटरी आतून निम्मी संपली होती.

ही गोष्ट फक्त पत्रकारांची नाही. शेवटच्या रात्री प्रवेशाचा फॉर्म भरणारे विद्यार्थी, गावाकडून वर्क फ्रॉम होम करणारे, हॉटेल आणि लॉजचं बुकिंग सांभाळणारे, अशा सगळ्यांचं काम बॅटरीवर अडतं. नवी बॅटरी घ्यायची तर काही हजार रुपये मोजावे लागतात. त्यामुळे आहे ती जास्त दिवस कशी टिकवायची आणि एका चार्जमध्ये जास्त तास कशी चालवायची, हे समजून घेऊया.

थोडक्यात उत्तर

- बॅटरीचे दोन मोठे शत्रू: उष्णता, आणि सतत १०० टक्के भरलेली राहणं. दोन्ही एकत्र आले की नुकसान सगळ्यात जास्त.
- लॅपटॉप बहुतेक वेळ प्लगवर असेल तर ८० टक्क्यांची मर्यादा लावा.
- प्रवास आहे, वीज जाणार आहे किंवा महत्त्वाचं काम आहे, त्या दिवशी बिनधास्त १०० टक्के करा.
- बंद गाडीत, उन्हात लॅपटॉप ठेवू नका.
- बॅटरी फुगली तर वापर लगेच थांबवा.

आता यामागची कारणं पाहू.

‘बॅकअप’ आणि ‘आयुष्य’ या दोन वेगळ्या गोष्टी

‘माझी बॅटरी टिकत नाही’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात दोन तक्रारी असू शकतात. पहिली म्हणजे एका चार्जमध्ये लॅपटॉप किती तास चालतो. हा झाला बॅकअप. दुसरी म्हणजे बॅटरी किती वर्षं धड राहते. हे झालं आयुष्य.

दोन्हींचे उपाय वेगळे आहेत. स्क्रीनचा उजेड कमी केला तर आजचा बॅकअप वाढतो, पण आयुष्याला त्याचा थेट फायदा फारसा नाही. ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवलं तर आयुष्य वाढतं, पण आजचा बॅकअप उलट कमी होतो. इंटरनेटवरच्या बहुतेक टिप्समध्ये या दोन्हींची खिचडी असते, म्हणून वाचणारा गोंधळतो.

बॅटरीच्या आत नेमकं काय होतं?

आजच्या जवळजवळ सगळ्या लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. सोनी कंपनीनं ती १९९१ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणली. ती घडवणाऱ्या जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आतली रचना साधी समजून घ्यायची तर दोन खोल्यांचं घर डोळ्यांसमोर आणा. चार्ज करताना लिथियमचे कण एका खोलीतून दुसरीत जातात. लॅपटॉप वापरताना ते परत येतात. या ये-जा करण्यात दर वेळी थोडे कण दुसऱ्या खोलीच्या भिंतीला चिकटतात आणि कायमचे बाद होतात. जितके कण बाद, तितकी बॅटरीची क्षमता कमी.

ही झीज दोन प्रकारे होते.

पहिली वापरामुळे. शून्य ते शंभर टक्के एवढी वीज एकदा वापरली की एक ‘सायकल’ पूर्ण होते. आज ५० टक्के आणि उद्या ५० टक्के वापरली, तरी मिळून एकच सायकल. त्यामुळे ‘दिवसातून तीनदा चार्जर लावला, तीन सायकल गेल्या’ ही भीती चुकीची आहे. साधारण लॅपटॉपची बॅटरी ३०० ते ५०० सायकलनंतर लक्षात येण्याइतकी उतरते. काही नव्या बॅटऱ्या त्याहून बऱ्याच जास्त चालतात. ॲपल आपल्या आताच्या मॅकबुकसाठी १,००० सायकलचा आकडा देते.

दुसरी झीज नुसत्या बसण्यामुळे होते. लॅपटॉप वापरला नाही तरी बॅटरी म्हातारी होतेच. किती वेगानं होते, हे दोन गोष्टींवर ठरतं: ती किती गरम आहे आणि किती भरलेली आहे. पूर्ण भरलेल्या सेलचा दाब साधारण ४.२ व्होल्ट असतो. त्या दाबाखाली आतलं रसायन ताणलेलं असतं. ताणलेल्या अवस्थेत ते जितका जास्त वेळ राहील, तितकी झीज वाढते.

शिर्डीच्या उन्हाचा हिशेब

इथे आपल्या भागाचा प्रश्न येतो. एप्रिल-मे महिन्यांत शिर्डी, राहाता, कोपरगाव या पट्ट्यात पारा चाळिशीला टेकतो. ॲपल आपले लॅपटॉप १० ते ३५ अंश तापमानात वापरायला सांगते. इतर अनेक कंपन्यांच्या माहितीपत्रकातही ३५ अंशांची मर्यादा दिसते. म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यातल्या दुपारी, पंख्याखाली बसूनही आपण कंपनीनं आखलेल्या रेषेच्या बाहेर असू शकतो.

याचा परिणाम किती? ‘बॅटरी युनिव्हर्सिटी’ या बॅटऱ्यांविषयीच्या प्रसिद्ध माहितीकोशात एक तक्ता आहे. लिथियम-आयन बॅटरी वर्षभर नुसती ठेवून दिली तर वर्षाअखेर तिची किती क्षमता उरते, याचे हे अंदाजे आकडे:

- २५ अंश तापमान, ४० टक्के भरलेली: ९६ टक्के क्षमता उरते
- २५ अंश तापमान, १०० टक्के भरलेली: ८० टक्के
- ४० अंश तापमान, ४० टक्के भरलेली: ८५ टक्के
- ४० अंश तापमान, १०० टक्के भरलेली: ६५ टक्के

पहिली आणि शेवटची ओळ शेजारी ठेवून बघा. बॅटरी तीच आणि वापर शून्य. फक्त गरम जागी पूर्ण भरून ठेवल्यामुळे वर्षभरात तिसरा हिस्सा गेला. आपल्याकडे वर्षभर चाळीस अंश नसतात हे खरं. पण चार्जिंगला लावलेला, काम करत असलेला लॅपटॉप आतून बाहेरच्या हवेपेक्षा गरमच असतो. त्यामुळे बॅटरीचा उन्हाळा आपल्या उन्हाळ्यापेक्षा मोठा असतो.

शिर्डीच्या प्रसादालयात २००९ मध्ये ७३ सौर तबकड्या बसवल्या गेल्या. त्यांच्यावर पडणाऱ्या उन्हातून वाफ तयार होते आणि त्या वाफेवर भक्तांसाठी अन्न शिजतं. इथलं ऊन किती कामाचं आहे, याचा तो पुरावा. तेच ऊन पार्किंगमधल्या गाडीवर पडतं, तेव्हा आत ठेवलेल्या लॅपटॉपचं काय होत असेल?

हा प्रश्न शिर्डीत रोजचा आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि विदर्भातून गाडीनं येणं सोपं झालं. मंदिरात मोबाइल नेता येत नाही, तिथे लॅपटॉपची बॅग तर दूरच. मग बॅग गाडीत राहते. गुरुवारी किंवा सुट्टीच्या दिवशी दर्शनाच्या रांगेत काही तास सहज जातात.

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी उन्हात उभ्या गाड्यांची तापमानं मोजून २००५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. लहान मुलांना गाडीत ठेवण्याचा धोका दाखवणं हा त्यांचा हेतू होता. बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढलं आणि त्यातली बरीचशी वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. खिडकीची काच थोडी खाली ठेवूनही फारसा फरक पडला नाही. आपल्या ३८ अंशांच्या दुपारी हा हिशेब ६० अंशांपर्यंत जातो.

काय करता येईल?

- लॅपटॉप भक्तनिवासाच्या किंवा लॉजच्या खोलीवर ठेवून मग दर्शनाला जा.
- गाडीतच ठेवणं भाग असेल तर आधी तो पूर्ण बंद करा. गाडी सावलीत लावा. डॅशबोर्डवर किंवा मागच्या काचेजवळ ठेवू नका.
- परत आल्यावर लगेच चार्जिंगला लावू नका. हाताला गार लागेपर्यंत थांबा.
- घरी पत्र्याचं छत असेल तर दुपारी चार्जिंग टाळा. सकाळी किंवा रात्री करा.
- गादीवर, उशीवर, मांडीवरच्या गोधडीवर लॅपटॉप ठेवला की खालच्या जाळ्या बंद होतात. एखादी पाटी किंवा पुठ्ठ्याचं जाड पुस्तक खाली घेतलं तरी फरक पडतो.
- बॅगेत टाकण्यापूर्वी ‘स्लीप’वर विसंबू नका. काही लॅपटॉप स्लीपमध्ये असताना स्वतःच जागे होऊन अपडेट घेतात आणि बंद बॅगेत तापतात. ‘शट डाउन’ किंवा ‘हायबरनेट’ करा.

मग ८० की १००?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सल्ला देणारे सांगतात की बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवा. यामागे ठोस कारण आहे. बॅटरी युनिव्हर्सिटीच्याच ढोबळ हिशेबानुसार, चार्जिंगचा वरचा दाब ४.२ ऐवजी ४.१ व्होल्टवर थांबवला तर सायकलची संख्या साधारण दुप्पट होते. वरचे शेवटचे टक्के बॅटरीला सगळ्यात महाग पडतात.

पण हा सल्ला जिथे वीज सहसा जात नाही, तिथे पाळायला सोपा आहे. आपल्याकडे वळवाचा पाऊस सुरू झाला, वारा सुटला की वीज जाते. गावठाणापासून दूर, मळ्यात किंवा वस्तीवर राहणाऱ्यांना तर किती वेळ अंधारात बसावं लागेल याची खात्री नसते. अशा घरातल्या विद्यार्थ्याला ‘८० वर थांब’ म्हणणं म्हणजे पाणी तीन दिवसांनी येणाऱ्या घरात टाकी अर्धीच भरा म्हणण्यासारखं आहे.

म्हणून नियम असा ठेवा:

रोजचं काम प्लगवर होत असेल तर ८० टक्के. ऑफिस, दुकान, सेवा केंद्र, घरचं टेबल. इथे बॅटरी फक्त अधूनमधून लागते. ८० टक्क्यांत मिळणारा वेळ पुरेसा असतो.

गरज दिसत असेल तर १०० टक्के. वादळी पावसाचा इशारा आहे, महावितरणचा दुरुस्तीसाठी वीज बंदचा मेसेज आलाय, उद्या प्रवास आहे किंवा फॉर्मची शेवटची तारीख आहे, तर पूर्ण भरा. अधूनमधून १०० केल्यानं बॅटरी मरत नाही. भरून, गरम जागी, आठवडेच्या आठवडे तशीच ठेवल्यानं मरते.

रोज वीज जात असेल तर वेळ बदला. रात्रभर १०० वर ठेवण्यापेक्षा निघण्यापूर्वी किंवा वीज जाण्याच्या वेळेआधी तासभर शेवटचे २० टक्के भरा. पूर्ण भरलेली असण्याचा काळ जितका कमी करता येईल, तितका करा.

खालची बाजूही सांभाळा. रोज शून्यापर्यंत उतरवू नका. २० टक्क्यांच्या आसपास चार्जर लावणं बरं.

ही मर्यादा लावायची सोय बहुतेक कंपन्या फुकट देतात, फक्त नावं वेगवेगळी आहेत. लेनोवोच्या ‘व्हँटेज’ ॲपमध्ये ‘कन्झर्व्हेशन मोड’ आहे. आसुसमध्ये ‘मायआसुस’ ॲपमध्ये बॅटरी केअरचा पर्याय दिसतो. डेलमध्ये ‘पॉवर मॅनेजर’ किंवा ‘ऑप्टिमायझर’मध्ये, तर एचपीच्या अनेक मॉडेलमध्ये बायोसच्या ‘बॅटरी हेल्थ मॅनेजर’मध्ये ही सोय असते. एसरही आपल्या ॲपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा देते. मॅकबुकमध्ये ‘ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग’ तुमची सवय ओळखून शेवटचे टक्के उशिरा भरतं. मॉडेलनुसार नाव बदलू शकतं, त्यामुळे कंपनीच्या ॲपमध्ये ‘बॅटरी’ किंवा ‘पॉवर’ या भागात शोधा.

सोयच नसेल तर? घड्याळाकडे बघत बसू नका. काम झालं की प्लग काढा, एवढं पुरे.

आहे त्या चार्जमध्ये जास्त तास कसे मिळवायचे?

आता बॅकअपकडे वळू. यासाठी एक छोटं गणित कामाला येतं. लॅपटॉपच्या माहितीपत्रकात किंवा बॅटरीवर ‘वॅट-अवर’मध्ये आकडा दिलेला असतो. समजा तो ५० आहे. लॅपटॉप दर तासाला किती वॅट खातो, त्यानं या ५० ला भागलं की तास मिळतात.

- टाइप करणं, वाचणं, साधारण ८ वॅट: सहा तासांहून थोडं जास्त
- व्हिडिओ कॉल, साधारण १५ वॅट: सव्वातीन तास
- व्हिडिओ एडिटिंगसारखं जड काम, साधारण २५ वॅट: दोन तास

आकडे मॉडेलनुसार बदलतील, पण गणित तेच. म्हणजे वॅट कमी करणं हाच खरा उपाय. जास्त फरक पाडणाऱ्या गोष्टी आधी:

१. स्क्रीनचा उजेड. साध्या कामात सगळ्यात जास्त वीज अनेकदा स्क्रीन खाते. घरात ४० ते ५० टक्के उजेड पुरतो.

२. रिफ्रेश रेट. स्क्रीन १२० किंवा १४४ हर्ट्झची असेल तर बॅटरीवर असताना ६० करा.

३. पॉवर मोड. विंडोजमध्ये ‘बेस्ट पॉवर एफिशियन्सी’ निवडा आणि ‘बॅटरी सेव्हर’ किंवा नव्या आवृत्तीत ‘एनर्जी सेव्हर’ चालू करा. मॅकमध्ये ‘लो पॉवर मोड’ आहे.

४. ब्राउझरचे टॅब. उघडे टॅब नुसते बसून राहत नाहीत. क्रोम आणि एज या दोन्ही ब्राउझरमध्ये टॅब झोपवणारी, वीज वाचवणारी सेटिंग आहेत.

५. व्हिडिओ कॉल. गरज नसेल तेव्हा कॅमेरा बंद. कॅमेरा, माइक, इंटरनेट आणि प्रोसेसर असे चौघेही एकदम जेवत असतात.

६. यूएसबीला लावलेल्या वस्तू. बाहेरची हार्ड डिस्क, दिवे असलेला माउस, चार्जिंगला लावलेला मोबाइल, सगळे लॅपटॉपच्याच बॅटरीवर जगतात.

डार्क मोडबद्दल एक खुलासा. त्याचा फायदा ओएलईडी स्क्रीनवर होतो, कारण तिथे काळा भाग म्हणजे बंद दिवा. साध्या एलसीडी स्क्रीनच्या मागचा दिवा काळ्या पानामागेही चालूच असतो.

रायगडच्या एका वाडीतला लॅपटॉप

वॅट कमी केले तर काय साधतं, याचं एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या जगभर गाजलेल्या प्रकल्पाचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैराट या छोट्या वस्तीच्या शाळेत सुरू झाला. मुलांच्या हातात हिरवा-पांढरा, छोटासा लॅपटॉप आला.

राज्यात तेव्हा भारनियमनाचा काळ होता. पण हा लॅपटॉप मुळातच जिथे वीज बेभरवशाची आहे अशा जागांसाठी बनवलेला होता. तो नेहमीच्या लॅपटॉपच्या मानानं अगदी थोड्या वॅटवर चालायचा. उन्हात मागचा दिवा बंद करूनही त्याची स्क्रीन कृष्णधवल रूपात वाचता यायची. त्यात लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची बॅटरी वापरली गेली. ही बॅटरी उष्णता जास्त सोसते आणि ती सुमारे २,००० सायकल चालावी असं उद्दिष्ट होतं. हाच प्रकार आज अनेक विजेच्या गाड्यांमध्ये आणि सौर यंत्रणांमध्ये दिसतो.

तो लॅपटॉप आज इतिहासजमा झाला. शिकवण मात्र उपयोगाची आहे. त्याच्या रचनाकारांनी बॅटरी मोठी केली नाही, खर्च कमी केला. स्क्रीनचा दिवा मंद करताना आपण छोट्या प्रमाणात तेच करत असतो.

वीज गेली. आता?

लॅपटॉप चालू आहे, पण वाय-फाय गेलं. हा अनुभव सगळ्यांचा आहे, कारण राउटरला बॅटरी नसते. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो काही तास काढून देतो. घेताना राउटरच्या ॲडॉप्टरवरचा व्होल्टचा आकडा जुळवून घ्या, बहुतेकांचा १२ व्होल्ट असतो.

मोबाइलचा हॉटस्पॉट वापरत असाल तर एक बारकावा लक्षात ठेवा. मोबाइल केबलनं लॅपटॉपला जोडून नेट घेतलं की मोबाइल लॅपटॉपमधून चार्ज होऊ लागतो. लॅपटॉपची बॅटरी वाचवायची असेल तर केबलशिवाय, वाय-फाय हॉटस्पॉटवरून नेट घ्या. मोबाइल संपत आला असेल आणि लॅपटॉप भरलेला असेल तर याच्या उलट करा.

पॉवर बँक घेणार असाल तर आकड्यांना भुलू नका. २०,००० एमएएच म्हणजे सुमारे ७४ वॅट-अवर. त्यातली काही वीज वाटेत वाया जाते. म्हणजे ५० वॅट-अवरचा लॅपटॉप एकदा जेमतेम पूर्ण भरेल. शिवाय लॅपटॉप टाइप-सीवरून चार्ज होणारा हवा आणि पॉवर बँकेत ‘पॉवर डिलिव्हरी’ असून ती ४५ ते ६५ वॅट देणारी हवी. मोबाइलची साधी पॉवर बँक इथे कामाची नाही.

शिर्डीहून विमानानं जाणाऱ्यांसाठी: काकडीच्या विमानतळावर काय किंवा इतर कुठे काय, पॉवर बँक आणि सुट्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकता येत नाहीत. त्या हातातल्या बॅगेतच हव्यात. १०० वॅट-अवरपर्यंतच्या चालतात, त्यावर १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते.

बॅटरीची तब्येत घरीच तपासा

विंडोज लॅपटॉपमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ उघडा. इंग्रजीत ‘पॉवर’ आणि त्याला जोडूनच ‘सीएफजी’ ही तीन अक्षरं टाइप करा. मग एक जागा सोडा, उजवीकडे झुकलेली तिरकी रेघ द्या आणि तिला जोडून ‘बॅटरीरिपोर्ट’ हा शब्द सलग लिहून एंटर दाबा. एक फाइल तयार होते आणि ती कुठे आहे ते स्क्रीनवर दिसतं. ती ब्राउझरमध्ये उघडा.

त्यात दोन आकडे शोधा. ‘डिझाइन कपॅसिटी’ म्हणजे बॅटरी नवी असतानाची क्षमता. ‘फुल चार्ज कपॅसिटी’ म्हणजे आजची क्षमता. समजा पहिला ५०,००० आणि दुसरा ३८,००० आहे. म्हणजे ७६ टक्के उरली. मॅकमध्ये सेटिंगमधल्या ‘बॅटरी’ भागात ‘बॅटरी हेल्थ’ दिसतं.

- ८० टक्क्यांच्या वर: चांगली आहे, सवयी सांभाळा.
- ६० ते ८०: चालेल, पण महत्त्वाच्या दिवशी चार्जर सोबत ठेवा.
- ६० च्या खाली: बदलायचा विचार करा.

आणि माझ्यासारखा ३४ टक्क्यांवर लॅपटॉप बंद पडत असेल तर? बॅटरी झिजली की तिच्यावर अचानक ताण आल्यावर दाब एकदम कोसळतो. शिवाय टक्के दाखवणारं मीटर जुन्या हिशेबावर चालत असतं. दोन-तीन महिन्यांतून एकदा बॅटरी १० टक्क्यांपर्यंत उतरवून सलग १०० पर्यंत भरली तर मीटर बरंचसं ताळ्यावर येतं. यानं बॅटरी सुधारत नाही, फक्त आकडा खरा दिसू लागतो.

हे गैरसमज सोडून द्या

‘नवा लॅपटॉप आधी आठ तास चार्ज करायचा.’ जुन्या प्रकारच्या बॅटऱ्यांच्या काळातला सल्ला. आता गरज नाही.

‘दर वेळी पूर्ण उतरवूनच चार्ज करायचा.’ निकेल-कॅडमियम बॅटरीला हे लागू होतं. लिथियमला उलट त्रास होतो.

‘रात्रभर लावला तर ओव्हरचार्ज होऊन फुटतो.’ भरल्यावर आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं. प्रश्न फुटण्याचा नाही, रात्रभर १०० वर राहण्याचा आहे.

‘फ्रिजमध्ये ठेवली की बॅटरी टिकते.’ थंडपणा चांगला, पण ओलावा घातक. हे करू नका.

‘वापरायचा नसेल तर पूर्ण भरून कपाटात ठेवावा.’ सुट्टीत महिनाभर लॅपटॉप पडून राहणार असेल तर ५० टक्क्यांच्या आसपास ठेवून बंद करा आणि गार जागी ठेवा.

बॅटरी फुगली किंवा बदलायची वेळ आली तर

टचपॅड वर उचललेला दिसतो, झाकण नीट मिटत नाही, टेबलावर लॅपटॉप डुगडुगतो. ही बॅटरी फुगल्याची लक्षणं आहेत. आत वायू साठलेला असतो. अशा वेळी चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा आणि दुरुस्तीला न्या. दाबून सपाट करणं, टाचणीनं भोक पाडणं असले प्रयोग करू नका, आग लागू शकते.

नवी बॅटरी घेताना स्वस्तातली बिननावाची टाळा. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. बॅटरीवर ‘आयएस १६०४६’ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षरानं सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकून खरा आहे का ते पाहता येतं.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली तर पेट घेऊ शकते. केंद्र सरकारच्या २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्वापरासाठी पाठवण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. त्यामुळे नवी घेताना जुनी तिथेच परत घेतात का, हे विचारा.

शेवटी काय करायचं?

आजच्या आज तीन गोष्टी करा. बॅटरी रिपोर्ट काढा, कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा आणि लॅपटॉप गाडीत ठेवायची सवय सोडा. बाकी टक्क्यांची फार धास्ती घेऊ नका. बॅटरी वापरण्यासाठीच असते. गरजेच्या दिवशी ती पूर्ण भरून घेता यावी, म्हणून एरवी तिला जपायचं.

मी नवी बॅटरी बसवून घेतली आहे आणि मर्यादा ८० वर ठेवली आहे. रामनवमीच्या आदल्या रात्री मात्र ती १०० करणार. आणि त्या टपरीवाल्या काकांकडे या वेळी फक्त चहा प्यायला जाणार.